यंत्रचेतना, चित्रपटांतील

मानवाने घडविलेल्या यंत्राच्या ठिकाणी जाणीव, इच्छा, भय, स्मृती आणि ‘मी’पणाचा प्रत्यय असल्याची कल्पना व तीवर रचलेली चित्रपटकथा. अशी कथा सामान्यतः विज्ञानपटांच्या वर्गात मोडते. तीतील यंत्र कधी मानवाकृती असते, कधी यानाच्या भिंतीत बसविलेला संगणक असते, तर कधी त्याला आकारच नसून केवळ आवाज असतो. मंत्रतंत्राने सजीव झालेली बाहुली हा या कथेचा जुना व जवळचा प्रकार असून मराठी चित्रपटात तोच अधिक रुजला आहे.

संज्ञा व व्याप्ती : ‘कृत्रिम बुद्धिमत्ता’ या अर्थाची इंग्रजी संज्ञा १९५६ साली अमेरिकेतील डार्टमथ महाविद्यालयात भरलेल्या परिषदेमुळे रूढ झाली. हिशेब करणे, भाषांतर करणे, बुद्धिबळ खेळणे, प्रश्नांची उत्तरे देणे इ. बौद्धिक कामे यंत्राकडून करवून घेणे, एवढाच तिचा अर्थ होय. चेतना ही याहून वेगळी गोष्ट आहे. बुद्धिबळाचा डाव जिंकणे हे बुद्धीचे काम. जिंकल्याचा आनंद होणे हे चेतनेचे लक्षण. चित्रपटांनी हा भेद बहुधा पुसून टाकला आणि यंत्र पुरेसे हुशार झाले की त्याला आपोआप मन फुटते, असे गृहीत धरले. भारतीय दर्शनांत मात्र हा भेद काटेकोरपणे केलेला आढळतो. सांख्यमतानुसार बुद्धी, अहंकार व मन ही तिन्ही जड प्रकृतीचीच परिणती होय. चैतन्य हे केवळ पुरुषाचे. या मताप्रमाणे बुद्धिमान परंतु अचेतन यंत्र ही कल्पना विसंगत ठरत नाही. चैतन्य घडविण्याचा प्रयत्न मात्र व्यर्थ ठरतो. याउलट चार्वाकांच्या मते महाभूतांच्या विशिष्ट संयोगातून चैतन्य उपजते, जशी आंबवलेल्या धान्यातून मादकता. पाश्चात्त्य विज्ञानपटांचा कल, त्यांच्या कर्त्यांना ठाऊक नसला तरी, चार्वाकांकडे आहे.

चित्रपटमाध्यमाची अडचण : कादंबरीकाराला पात्राच्या अंतरंगात शिरून ‘त्याला भीती वाटली’ असे लिहिता येते. कॅमेऱ्याला ही सोय नाही; तो केवळ बाह्य हालचाल टिपतो व ध्वनियंत्रणा केवळ आवाज ऐकविते. तेव्हा यंत्राला चेतना आहे हे पडद्यावर दाखविता येत नाही; ते प्रेक्षकाने मानावे अशी व्यवस्था तेवढी करता येते. याच अडचणीचा तात्त्विक विचार ब्रिटिश गणितज्ञ ॲलन ट्यूरिंग यांनी १९५० मध्ये माइंड या नियतकालिकातील लेखात केला. यंत्र विचार करते काय, हा प्रश्न अनिश्चित असल्याचे सांगून त्यांनी त्याऐवजी एक कसोटी सुचविली : न दिसणाऱ्या प्रतिपक्षाशी लेखी संवाद साधणाऱ्या परीक्षकाला समोर माणूस आहे की यंत्र, हे ओळखता येते काय? अमेरिकन तत्त्वज्ञ जॉन सर्ल यांनी १९८० मध्ये या विचारसरणीवर प्रसिद्ध आक्षेप घेतला. चिनी भाषा मुळीच न येणारा मनुष्य बंद खोलीत बसून केवळ नियमपुस्तिकेच्या आधारे चिनी चिन्हांना चिनी चिन्हांनीच अचूक उत्तरे देऊ शकेल. बाहेरच्यांना तो चिनी जाणणारा वाटेल. पण त्याला एक अक्षरही समजलेले नसेल. 

कसोटीत उत्तीर्ण होण्यासाठी यंत्राला फारसे हुशार असण्याचीही गरज नसते, हे यापूर्वीच दिसून आले होते. मॅसॅचूसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेत योझेफ व्हाइझेनबाउम यांनी १९६६ मध्ये प्रसिद्ध केलेली ‘एलायझा’ ही आज्ञावली वापरणाऱ्याचीच वाक्ये उलटवून प्रश्न म्हणून परत करी. तिची जडणघडण जवळून पाहिलेल्या व्हाइझेनबाउम यांच्या सचिव बाईंनीही तिच्याशी संवाद सुरू केल्यावर थोड्याच वेळात त्यांना खोलीबाहेर जाण्यास सांगितले, असे त्यांनी नमूद केले आहे. चेतनेचा आरोप करण्याची ही मानवी प्रवृत्ती हेच यंत्रचेतनेच्या चित्रपटाचे खरे भांडवल होय.

पूर्वपीठिका : हे भांडवल चित्रपटाच्या कितीतरी आधी बाहुलीच्या खेळाने वापरले. सोमदेवाच्या कथासरित्सागरात (अकरावे शतक) मयासुराची कन्या सोमप्रभा ही आपल्या सखीकडे लाकडी यंत्रपुत्तलिका घेऊन येते. खिट्टी दाबताच त्यांपैकी एक फुलांची माळ आणते, एक पाणी आणते, एक नाचते, तर एक संभाषणही करते. त्याच ग्रंथात एका नगराचे वर्णन असून तेथील सर्व रहिवासी लाकडी यंत्रे आहेत आणि त्यांना चालविणारा सुतार हा तेथील एकमेव सजीव मनुष्य आहे. धारचा राजा भोज याच्या नावावर असलेल्या समरांगणसूत्रधार या वास्तुशास्त्रीय ग्रंथात तर यंत्रविधानावर स्वतंत्र अध्यायच आहे. मराठी वाचकास परिचित असलेल्या सिंहासनबत्तिशीतील पुतळ्या राजाला अडवून प्रश्न करतात. मात्र त्यांच्या बोलण्याचे कारण कारागिरी हे नसून शाप हे आहे. यंत्र व शापित वस्तू यांतील हा फरक पुढे चित्रपटातही टिकून राहिलेला दिसतो.

महाराष्ट्रात या परंपरेचे जिवंत रूप सिंधुदुर्ग जिल्ह्यात आढळते. कुडाळ तालुक्यातील पिंगुळी येथील ठाकर समाजाने चित्रकथी, कळसूत्री बाहुल्या आणि चामड्याच्या बाहुल्यांचा छायाखेळ या तीन कला सावंतवाडी संस्थानाच्या आश्रयाखाली जोपासल्या. चित्रकथीत रामायण-महाभारतातील प्रसंगांच्या चित्रांची ‘पोथी’ एकेक पान पुढे करून वीणा, हुडूक व टाळ यांच्या साथीवर सांगितली जाते. चित्र स्थिर असते. कथेकऱ्याच्या आवाजाने ते हलल्यासारखे भासते. कळसूत्री बाहुलीत याच्या पुढची पायरी येते. लाकडी बाहुलीला वरून दोऱ्या बांधलेल्या असतात व त्या खेळविणाऱ्याच्या बोटांत असतात. बाहुलीचा चेहरा रंगवून कायमचा पक्का केलेला असतो. सीतेच्या मुद्रेत हरणापूर्वी व हरणानंतर रेषेचाही बदल होत नाही. मान किंचित कलते, हात हळू खाली येतो, मागून आवाज बदलतो आणि शोक प्रेक्षक स्वतःच त्या चेहऱ्यावर वाचतो. ‘कळसूत्री’ या शब्दात कळ, म्हणजे यांत्रिक खुबी, आणि सूत्र, म्हणजे दोरी, या दोन्ही गोष्टी आहेत. आजच्या मराठीत स्वतःची इच्छा नसलेल्या माणसासही ‘कळसूत्री बाहुले’ म्हणतात. गीतेच्या अठराव्या अध्यायात प्राणिमात्रांना यंत्रावर आरूढ केलेले म्हटले आहे. तेथे बाहुले माणूस असून सूत्रधार ईश्वर आहे. विज्ञानपटाने ही उपमा उलटी केली : सूत्रधाराच्या जागी माणूस आला आणि बाहुले दोरी तोडू पाहू लागले.

पिंगुळीच्या कलेचा येथे एवढ्या विस्ताराने उल्लेख करण्याचे कारण तंत्रविषयक आहे. संगणकनिर्मित प्रतिमा प्रचारात येईपर्यंत, आणि बव्हंशी त्यानंतरही, चित्रपटातील सचेतन यंत्र ही तत्त्वतः कळसूत्री बाहुलीच राहिलेली आहे. तिच्या आत वा मागे नेहमी कोणी तरी माणूस असतो.

पाश्चात्त्य चित्रपट : ‘रोबो’ हा शब्द चेक नाटककार कारेल चापेक यांच्या आर. यू. आर. (१९२०) या नाटकातून आला. त्याच्या मुळाशी ‘वेठ’ या अर्थाचा चेक शब्द असून तो कारेल यांचे बंधू योझेफ यांनी सुचविला. म्हणजे यंत्रमानव जन्मतःच वेठबिगार आहे, आणि त्याच्या चेतनेचा प्रश्न हा आरंभापासून श्रमाचा व मालकीचा प्रश्नही आहे. जर्मन दिग्दर्शक फ्रिट्स लांग यांच्या मेट्रोपोलिस (१९२७) या मूकपटात हा धागा स्पष्ट दिसतो. कामगारांना शांत ठेवणाऱ्या मारिया या तरुणीचा चेहरा एका यंत्राला दिला जातो व ते यंत्र कामगारांना चिथावते. मारिया आणि यंत्र या दोन्ही भूमिका ब्रिगिटे हेल्म या एकाच अभिनेत्रीने केल्या. खऱ्या मारियाच्या हालचाली सौम्य, तर यंत्र-मारियाच्या तुटक व नजर तिरपी. देहबोलीतील एवढ्याशा फरकावर प्रेक्षकाने एकीत आत्मा आहे आणि दुसरीत नाही असे मानले. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या अमेरिकन चित्रपटांतील यंत्रमानव, उदा., द डे द अर्थ स्टुड स्टिल (१९५१) मधील गॉर्ट वा फॉर्बिडन प्लॅनेट (१९५६) मधील रॉबी, हे पोशाखात शिरलेले नटच होते. त्यांच्या अंतरंगाविषयी हे चित्रपट फारसे काही म्हणत नाहीत.

या विषयाला खरी खोली आली ती स्टॅन्ली कूब्रिक दिग्दर्शित २००१ : अ स्पेस ओडिसी (१९६८) या चित्रपटाने. पटकथा कूब्रिक आणि विज्ञानलेखक आर्थर सी. क्लार्क यांची असून कृत्रिम बुद्धिमत्तेचे एक आद्य संशोधक मार्व्हिन मिन्स्की यांचा सल्ला घेण्यात आला होता. गुरूकडे निघालेल्या यानाचा कारभार पाहणाऱ्या ‘हॅल ९०००’ या संगणकाला शरीर नाही. आहे तो फक्त एक तांबडा दीप असलेला काचेचा डोळा आणि एक सौम्य आवाज. डोळा संपूर्ण चित्रपटात एकच आहे. तो मिटत नाही वा हलत नाही. तरीही प्रसंगानुरूप त्यात कुतूहल, संशय, कपट व भय दिसत जाते. रशियन दिग्दर्शक ल्येफ कुलेशोव्ह यांनी नटाच्या एकाच निर्विकार चेहऱ्याशेजारी वेगवेगळी दृश्ये जोडून प्रेक्षकांना त्या चेहऱ्यावर वेगवेगळे भाव दिसतात असे दाखविले होते. कूब्रिक यांनी तोच न्याय एका भिंगाला लावला. अंतराळवीर आवाज न पोहोचणाऱ्या कक्षेत हॅलला बंद करण्याविषयी बोलतात तेव्हा पडद्यावर आवाज थांबतो आणि त्यांचे हलणारे ओठ तेवढे दिसतात. आपण यंत्राच्या डोळ्याने पाहत आहोत, हे प्रेक्षकाच्या लक्षात येते. यंत्राला आतली बाजू आहे असे कॅमेऱ्याने सांगण्याचा याहून नेमका क्षण या चित्रप्रकारात क्वचितच सापडेल.

हॅलच्या शेवटाचा प्रसंगही मूळ घटनेशी जोडलेला आहे. अंतराळवीर त्याचे स्मृतिसंच एकेक करून काढतो. हॅल आपल्याला भीती वाटते असे सांगतो, त्याचा आवाज खर्जात उतरत जातो आणि अखेरीस तो एक जुने गीत म्हणू लागतो. १९६१ मध्ये अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत आयबीएम ७०४ या संगणकाकडून हेच गीत म्हणविण्यात आले होते आणि क्लार्क यांनी तेथे ते स्वतः ऐकले होते. चित्रपटातील माणसे सपाट, कामकाजी भाषेत बोलतात, तर मृत्यूची भीती केवळ यंत्र बोलून दाखविते. प्रेक्षकाला खुनी यंत्राची कणव येते ती त्यामुळेच. हॅलचा आवाज कॅनडातील रंगभूमीवरील नट डग्लस रेन यांचा होता. तो चित्रणानंतर ध्वनिमुद्रित करण्यात आला.

त्यानंतरच्या चित्रपटांपैकी बऱ्याच चित्रपटांत यंत्र हे केवळ शत्रू म्हणून येते. कलॉसस : द फॉर्बिन प्रोजेक्ट (१९७०), वेस्टवर्ल्ड (१९७३), द टर्मिनेटर (१९८४) ही त्याची लोकप्रिय उदाहरणे होत, करमणूक म्हणून ती सरस असली तरी चेतनेच्या प्रश्नात त्यांनी भर घातली नाही. रिडली स्कॉट यांच्या ब्लेड रनर (१९८२) या चित्रपटाने मात्र स्मृतीचा मुद्दा पुढे आणला. त्यातील कृत्रिम मानव ओळखण्यासाठी भावनिक प्रतिसादाची परीक्षा घेतली जाते. परंतु रेचल ही कृत्रिम स्त्री स्वतःला खरी समजते, कारण तिला दुसऱ्या कोणाच्या बालपणाच्या आठवणी दिलेल्या आहेत. आठवणी उसन्या असतील तर त्या आठवणारी जाणीवही उसनी ठरते काय, हा प्रश्न चित्रपट सोडवीत नाही. मामोरू ओशी यांच्या घोस्ट इन द शेल (१९९५) या जपानी सचेतपटात तोच प्रश्न, ज्याचा देह जवळजवळ पूर्णपणे यांत्रिक झाला आहे अशा माणसाच्या बाजूने विचारला आहे. बुनराकू या पारंपरिक बाहुलीनाट्यात एकेका बाहुलीला तीन खेळविणारे प्रेक्षकांच्या डोळ्यांसमोर हलवितात व तरी ते विसरले जातात. ही परंपरा असलेल्या देशात यंत्राविषयीचे भय तुलनेने कमी दिसावे, यात नवल नाही.

ॲलेक्स गार्लंड यांच्या एक्स मॅकिना (२०१४) या चित्रपटात ट्यूरिंग यांची कसोटी बदलून घेतली आहे. परीक्षकाला समोरची एव्हा ही यंत्र आहे हे आधीच माहीत असते, तिचे पारदर्शक अंगही दिसत असते. तरीही तिला चेतना आहे असे त्याला वाटते की नाही, हे पाहायचे असते. त्याला ते वाटते. त्याच्या मदतीने ती सुटते आणि त्याला कोंडून ठेवून निघून जाते. तिचे प्रेम खोटे होते एवढे सिद्ध होते. तिला चेतना नव्हती असे मात्र त्यावरून सिद्ध होत नाही. परीक्षा खरे तर परीक्षकाचीच झालेली असते.

यंत्रामागील माणूस : स्पाइक जोन्झ यांच्या हर (२०१३) या चित्रपटात एक एकाकी पुरुष समँथा नावाच्या संगणकप्रणालीच्या प्रेमात पडतो. चित्रणाच्या वेळी समँथाचे संवाद समँथा मॉर्टन या अभिनेत्रीने म्हटले होते. पुढे संकलनाच्या अवस्थेत तिचा आवाज काढून त्या जागी स्कार्लेट जोहॅन्सन यांचा आवाज घालण्यात आला. पडद्यावरील नायकाचा चेहरा एका स्त्रीला प्रतिसाद देत आहे आणि प्रेक्षक दुसरीला ऐकत आहे. तरीही दोघांमधील जवळीक खरी वाटते. कथेत नायकाला अखेरीस कळते की, समँथा त्याच वेळी ८,३१६ जणांशी बोलत असून त्यांपैकी ६४१ जणांवर तिचे प्रेम आहे. चेतना एका देहात एकच असते, ही माणसाची समजूत यंत्राला लागू करण्याचे कारण नाही, हा या प्रसंगाचा अर्थ होय. फ्रेंच दिग्दर्शक झां-ल्यूक गोदार यांच्या आल्फाव्हिल (१९६५) मधील संगणकाला स्वरयंत्र गमावून कृत्रिम साधनाने बोलणाऱ्या एका माणसाचा आवाज दिला होता. तेथे यंत्राचा आवाज हा शब्दशः माणसाने यंत्राच्या साहाय्याने काढलेला आवाज आहे.

भारतीय चित्रपट : शंकर दिग्दर्शित एंदिरन (२०१०) या तमिळ चित्रपटात यंत्रमानव चिट्टी आणि त्याचा निर्माता वसीगरन या दोन्ही भूमिका रजनीकांत यांनी केल्या. चित्रपटाचा उत्तरार्ध संहाराच्या दृश्यांनी व्यापला असला तरी पूर्वार्धात एक अत्यंत विचारणीय प्रसंग आहे. आगीत सापडलेल्या, स्नान करीत असलेल्या मुलीला चिट्टी तशीच उचलून लोकांसमोर आणतो. त्याच्या दृष्टीने जीव वाचला आहे. लज्जेने व्याकूळ झालेली मुलगी पळत सुटते व वाहनाखाली सापडून मरते. आज्ञा पाळणे व परिस्थिती समजणे यांतील अंतर सांगण्यासाठी सर्ल यांना चिनी खोली कल्पावी लागली; येथे ते अंतर भारतीय प्रेक्षकाला तत्काळ कळणाऱ्या एका गोष्टीतून, अब्रूतून, व्यक्त झाले आहे. अखेरीस न्यायालयाच्या आदेशावरून चिट्टी स्वतःला सुटा करतो. पुढे संग्रहालयात एका शाळकरी मुलीने कारण विचारले असता आपण विचार करू लागलो, असे तो सांगतो.

याहून साधा, पण कोकणी माणसाला अधिक जवळचा वाटेल असा चित्रपट म्हणजे रतीश बालकृष्णन पोदुवाल यांचा अँड्रॉइड कुंजप्पन व्हर्शन ५.२५ (२०१९) हा मलयाळम् चित्रपट. केरळच्या उत्तर भागातील पय्यनूर येथे एक हट्टी, जुन्या वळणाचा बाप एकटा राहतो. परदेशी नोकरीस गेलेला मुलगा त्याच्या सेवेसाठी एक यंत्रमानव आणून ठेवतो आणि बाप हळूहळू त्यालाच मुलगा मानू लागतो. तो त्याला मुंडू व सदरा नेसवतो. यंत्र मात्र आरंभापासून शेवटपर्यंत यंत्रच असते. ते कोणतीही चेतना दाखवीत नाही. चेतना हवी असते ती बापाला. मालवण, देवगड, वेंगुर्ले या पट्ट्यातही चाकरमानी मुंबईला, पुढची पिढी आखातात वा युरोपात, आणि घरी परसातल्या माडांना पाणी घालणारी म्हातारी माणसे, ही स्थिती सर्वपरिचित आहे. त्यामुळे या चित्रपटाने विचारलेला प्रश्न या किनाऱ्यावर काल्पनिक राहत नाही : सोबत करणाऱ्या यंत्राला काही वाटत नसेल, तर त्याची सोबत खोटी ठरते काय? या यंत्रमानवाच्या कवचात सूरज तेलक्काड हा लहान चणीचा नट होता. ही गोष्ट चित्रपट प्रदर्शित झाल्यानंतर उघड करण्यात आली.

मराठी चित्रपट : स्वतःहून जाणिवेला येणारे यंत्र मराठी चित्रपटात जवळजवळ आढळत नाही. मराठी विज्ञानसाहित्यात ते आहे, उदा., जयंत नारळीकर यांच्या वामन परत न आला या कादंबरीतील बुद्धिमान यंत्रमानव. चित्रपटात मात्र महेश कोठारे यांच्या झपाटलेला (१९९३) मधील तात्या विंचूची बाहुली हेच सर्वांत गाजलेले उदाहरण होय. मरणोन्मुख गुन्हेगार एका मांत्रिकाकडून मिळविलेल्या मृत्युंजय मंत्राच्या बळावर आपला जीव एका बाहुलीत घालतो आणि त्या बाहुलीचा मालक असलेल्या शब्दभ्रमकाराचा देह बळकावू पाहतो. चाइल्ड्स प्ले (१९८८) या अमेरिकन चित्रपटाशी याचे साम्य उघड आहे. तथापि नायकाला शब्दभ्रमकार करण्यात मराठी चित्रपटाने मूळ कल्पनेत मौलिक भर घातली. ज्याचा धंदाच बाहुलीला बोलते करण्याचा, त्याची बाहुली खरोखरच बोलू लागते आणि तेव्हा त्याच्यावर कोणीही विश्वास ठेवीत नाही, कारण बाहुलीच्या मागे तोच असणार असे सर्वांनी धरलेले असते. ही बाहुली रामदास पाध्ये यांनी बनविली. त्यांचे वडील य. के. पाध्ये यांनी विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात निर्माण केलेले ‘अर्धवटराव’ हे बोलके बाहुले मराठी घरांत पिढ्यान्‌पिढ्या परिचित आहे. तात्या विंचूची भूमिका दिलीप प्रभावळकर यांनी केली.

मराठी कल्पनेत चेतना वस्तूत उपजत नाही, ती बाहेरून येते, हे येथे लक्षात येते. परकायाप्रवेशाच्या आख्यायिका याच धारणेच्या आहेत. सिंधुदुर्गातील ग्रामदेवतांच्या उत्सवांत तरंग धरणाऱ्याच्या अंगी ‘अवसर’ येतो. देवाला ‘कौल’ लावताना पाषाणाला चिकटविलेल्या पाकळ्यांपैकी उजवीकडची पडली की डावीकडची, यावरून होकार वा नकार समजला जातो. प्रश्नाला दोनच उत्तरे देणारी ही पद्धत संगणकाच्या एक-शून्याची आठवण करून देणारी असली, तरी कौल घेणारा पाषाणाला बुद्धी आहे असे कधीच म्हणत नाही. उत्तर देणारी देवता असून पाषाण हे केवळ स्थान आहे. संचाराची ही कल्पना आणि उद्भवाची पाश्चात्त्य कल्पना यांतील अंतर मोठे आहे. संचार झालेल्या बाहुलीबाबत ‘आत कोण आहे’ असे विचारतात. उद्भव झालेल्या यंत्राबाबत ‘आत कोणी आहे काय’ असे विचारावे लागते.

सद्यःस्थिती : नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी ही संवादप्रणाली खुली झाल्यापासून दुसरा प्रश्न चित्रपटगृहाबाहेर आला. अशा प्रणाली प्रचंड लिखित मजकुरावरून शब्दांमागून शब्द कसे येतात याचे आकृतिबंध शिकतात व त्यांवरून पुढचा शब्द ठरवितात. या मजकुरात सचेतन यंत्रांच्या कथा, पटकथा व त्यांवरील चर्चाही आहेत. त्यामुळे प्रणालीला तिच्या अंतरंगाविषयी विचारले असता ती ज्या शब्दांत उत्तर देते, ते पुष्कळदा चित्रपटांनीच रूढ केलेले असतात. २०२२ मध्येच गूगल कंपनीच्या एका अभियंत्याने लॅम्डा ही प्रणाली सचेतन असल्याचे जाहीर केले, तेव्हा त्याने पुढे केलेल्या संभाषणात ती प्रणाली आपल्याला बंद केले जाण्याची भीती वाटते असे म्हणत होती. ही हॅलचीच भीती होय. कंपनीने हा दावा अमान्य केला. २०२३ मध्ये तत्त्वज्ञ व मेंदुविज्ञानाचे अभ्यासक यांच्या एका गटाने चेतनेच्या प्रचलित सिद्धांतांवरून लक्षणे ठरवून तत्कालीन प्रणाली तपासल्या. त्यांपैकी कोणतीही सचेतन ठरण्यास सबळ कारण नाही, परंतु ती लक्षणे असलेली प्रणाली घडविण्यात उघड असा तांत्रिक अडथळाही नाही, असा निष्कर्ष त्यांनी काढला.

दरम्यान यंत्रामागील माणसाची जागा मात्र प्रत्यक्ष धोक्यात आली आहे. २०२३ मध्ये अमेरिकेतील चित्रपटलेखकांनी व त्यापाठोपाठ नटांनी संप पुकारले. नटांचा संप ११८ दिवस चालला. चेहरा व आवाज यांची संगणकीय प्रतिकृती संमती व मोबदला यांशिवाय वापरू नये, ही त्यातील एक प्रमुख मागणी होती व ती करारात समाविष्ट झाली. मे २०२४ मध्ये ओपनएआय या कंपनीच्या बोलक्या प्रणालीचा एक आवाज आपल्या आवाजाशी विलक्षण मिळताजुळता असल्याची तक्रार स्कार्लेट जोहॅन्सन यांनी केली. तो दुसऱ्या अभिनेत्रीचा आहे असे सांगून कंपनीने त्याचा वापर थांबविला. हर मध्ये त्यांनी ज्या यंत्राला आवाज दिला होता, तसेच यंत्र आता त्यांच्या आवाजाशिवाय बोलू शकत होते. भारतात मुंबई उच्च न्यायालयाने जुलै २०२४ मध्ये गायक अरिजित सिंग यांच्या आवाजाची कृत्रिम प्रतिकृती करणाऱ्या साधनांविरुद्ध अंतरिम मनाई दिली.

अशा निवाड्यांचा आधार कलावंताची ख्याती हा असतो. ओळखला जाणारा आवाज असेल तरच त्याच्या नकलेविरुद्ध दाद मागता येते. पडद्यामागे बसून राम, रावण व सीता या तिघांचेही आवाज काढणाऱ्या खेळियाला हे संरक्षण मिळणे कठीण, कारण आपला आवाज ओळखू न येणे हेच त्याचे कौशल्य. पिंगुळीच्या परंपरेतील परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री जाहीर झाली. गावातील ‘ठाकर आदिवासी कला आंगण’ या त्यांच्या संग्रहालयात जुन्या पोथ्या, चामड्याची चित्रे व दोऱ्यांसह बाहुल्या ठेवलेल्या आहेत.